वडशाची केस

2021 ची दिवाळी. ब्रह्मपुरीला मामांकडे सगळे जमलो होतो. भाऊबीजेच्या रात्री जेवणं आटोपली आणि भाच्यानं टीव्हीवर 'जय भीम' लावला. तो येऊन चारच दिवस झाले होते. सूर्याचा सिनेमा म्हणून पोरं बसली, कोर्टाचा म्हणून मामा बसले आणि बाकीचे चिवड्याच्या डब्याजवळ जागा मिळाली म्हणून बसले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1993 साली तामिळनाडूत कडलूरच्या बाजूला खरोखर घडलेलं प्रकरण आहे. चोरीच्या संशयावरून पोलीस एका गरीब माणसाला उचलतात, आणि मग तो कोठडीतून पळून गेला असं सांगतात. त्याची पोटुशी बायको त्याला शोधत दारोदार फिरते. शेवटी ती चंद्रू नावाच्या वकिलांपर्यंत पोचते. (हे चंद्रू खरे. पुढे ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.) ते 'माणूस कोर्टासमोर हजर करा' अशी हेबियस कॉर्पसची याचिका लावतात आणि एकेक धागा उसवत जातात. मारहाणीचे प्रसंग बघवत नाहीत. पण शेवटी न्याय मिळतो, आणि शेवटच्या दृश्यात त्या बाईची चिमुरडी मुलगी वकिलासाहेबांसमोर त्यांच्यासारखीच पायावर पाय टाकून पेपर वाचत बसते. आमच्याकडे दोघांतिघांनी डोळे पुसले.

मामी इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. दिवे लागल्यावर ती मामांना म्हणाली, "आपल्या वडशाची केस पन अशीच होती ना जी?"

मामा नुसतं "हं" म्हणाले आणि उठून पाणी प्यायला गेले. पोरांना काहीच कळलं नाही. "कोणती केस?" एकीनं विचारलं. ती तेव्हा पुण्यात लॉच्या दुसर्‍या वर्षाला होती. मी म्हटलं, "तू शिकली असशील की. मथुरा केस." तिनं डोळे मोठे केले. "ती इथली आहे?"

हो, इथलीच. ब्रह्मपुरीहून निघालं आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा. कागदोपत्री देसाईगंज, लोकांच्या तोंडी वडसा. रेल्वे स्टेशनाचं नावही वडसाच. आमच्या भागातल्या लोकांना हे गाव माहीत असतं ते झाडीपट्टीच्या नाटकांमुळे. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे आहेत. दिवाळी झाली की इथून बुकिंग होतं आणि गावोगाव मंडईच्या, शंकरपटाच्या निमित्तानं रात्रभर नाटकं चालतात. देशभरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना मात्र देसाईगंज हे नाव तिथल्या पोलीस ठाण्यामुळे माहीत असतं, आणि आपल्याच घरातल्या मुलीला ते गाव नदीपलीकडे आहे हे माहीत नव्हतं. तिला त्या रात्री मी जे सांगितलं, तेच जरा नीट जुळवून इथे लिहितोय.

तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. तो चंद्रपुरातून वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. त्यामुळे कोर्टाच्या सगळ्या कागदांत देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यातलंच आहे.

तारीख 26 मार्च 1972. आईबाप नसलेली एक आदिवासी मुलगी, भावाजवळ राहणारी. दोघंही मजुरी करणारे. ती ज्या घरी कामाला जायची त्या घरच्या एका नातेवाईक तरुणाशी तिचं जमलं, लग्न करायचं ठरलं. भावाला ते पटलं नाही. त्यानं ठाण्यात तक्रार दिली की माझ्या बहिणीला या लोकांनी पळवलं. पोलिसांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. रात्री 9 च्या सुमाराला ती सगळी ठाण्यात होती. हेडकॉन्स्टेबलनं जबाब घेतले, भावाला सांगितलं की मुलीच्या जन्माच्या नोंदीची नक्कल घेऊन ये, आणि साडेदहाच्या सुमाराला तो घरी गेला. हा जन्माच्या नोंदीचा कागद लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

मग ठाण्यात उरले दोघे, एक कॉन्स्टेबल आणि दुसरा एक हेडकॉन्स्टेबल. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मुलीला थांबवून घेतलं. पुढे काय झालं ते तिनं नंतर सांगितलं, आणि त्यावरच पुढची सहा वर्षं तीन कोर्टांत वाद झाला. ठाण्यातले दिवे गेले, दार आतून बंद झालं. बाहेर थांबलेल्यांना संशय आला, हाका मारल्या, माणसं गोळा झाली. ती बाहेर आली आणि कॉन्स्टेबलनं माझ्यावर बलात्कार केला असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. दुसर्‍यानंही अतिप्रसंग केला असा तिचा जबाब होता. लोकांचा जमाव ठाण्यासमोरून हटेना, तेव्हा कुठे तक्रार नोंदवली गेली. डॉक्टरांनी तिला तपासलं ते दुसर्‍या दिवशी संध्याकाळी. अंगावर जखमा नाहीत, वय 14 ते 16 च्या दरम्यान, असा अहवाल आला. आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिच्या शरीराची 'दोन बोटांची चाचणी' करून तिला शरीरसंबंध नवे नव्हते असाही निष्कर्ष त्यात आला. खटल्यात याच एका वाक्याला सगळ्यात जास्त वजन मिळालं.

पहिला निकाल चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाचा, 1 जून 1974. दोघेही निर्दोष. न्यायाधीशांनी मुलीला धडधडीत खोटारडी ठरवलं. शरीरसंबंध झाला असेल, पण बलात्कार झाला हे सिद्ध होत नाही, असं म्हटलं. बाहेर तिचा प्रियकर उभा होता, त्याच्यासमोर आपण चांगल्या दिसावं म्हणून तिनं बलात्काराची गोष्ट रचली असावी, असं त्यांचं म्हणणं. आणि वय? तेव्हाच्या कायद्यात 16 वर्षांखालच्या मुलीच्या संमतीचा प्रश्नच येत नव्हता. ती 16 च्या आतली ठरली असती तर खटला तिथेच संपला असता. पण निकालात आलं की ती 16 च्या आतली असल्याचा समाधानकारक पुरावा नाही. भावाला त्या रात्री ठाण्यात जो कागद मागितला होता, तोच हा. मजुरी करून जगणार्‍या, आईबाप नसलेल्या मुलीकडे वयाचा कागद कुठून असणार?

दुसरा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा, 12 ऑक्टोबर 1976. इथे चित्र उलटलं. कॉन्स्टेबलला बलात्कारासाठी 5 वर्षं, हेडकॉन्स्टेबलला विनयभंगासाठी 1 वर्षाची शिक्षा झाली. न्यायमूर्तींनी साधा प्रश्न विचारला, की हे दोघे तिला पूर्ण अनोळखी. भावानं तक्रार दिलेली, तिला ठाण्यात आणलेलं, अशा वेळी ती आपणहून यांच्याशी सलगी करेल का? भीतीनं निमूट राहणं म्हणजे इच्छा असणं नव्हे, असं या निकालानं स्पष्ट सांगितलं. संमती वेगळी आणि शरण जाणं वेगळं. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात शहाणा कागद, आणि तो आपल्या नागपुरात लिहिला गेला.

तिसरा निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, 15 सप्टेंबर 1978. 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल. निकालपत्र कोशल यांचं. दोघेही पुन्हा निर्दोष. अंगावर जखम नाही, म्हणजे प्रतिकार झाला नाही, म्हणजे जे झालं ते शांतपणे झालं. कॉन्स्टेबलनं हात धरला तेव्हा भाऊ आणि बाकीची माणसं जवळच होती. तिनं हात झटकला असता, ओरडली असती. ती तर निमूट मागे गेली. मग ही नुसती शरणागती कशी म्हणायची, ही संमतीच. कायद्याला अभिप्रेत असलेली भीती म्हणजे जिवाची किंवा इजेची भीती, आणि ती इथे दिसत नाही, असं कोर्टाला वाटलं.

सिनेमा असता तर इथे पाटी आली असती, 'समाप्त'. आणि कोणी तिकीट काढलं नसतं. कोर्टाच्या सिनेमाला एक वकील लागतो, एक उलटतपासणी लागते, शेवटी एक दणदणीत भाषण लागतं आणि त्यावर हातोडा. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकातसुद्धा पहाटेपर्यंत खलनायकाचा निकाल लावावा लागतो, नाहीतर प्रेक्षक उठत नाही. या प्रकरणात हरलेली मुलगी तशीच आपल्या मजुरीला परत गेली, आणि ते दणदणीत भाषण झालं एका वर्षानं. तेही ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं अशा माणसांनी कागदावर लिहिलेलं.

16 सप्टेंबर 1979 ला चार जणांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर हे दिल्ली विद्यापीठातले, आणि वसुधा धागमवार पुण्याच्या. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड, तेही आपलेच मराठी गृहस्थ. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल कायद्याच्या प्राध्यापकांनी असं उघड पत्र लिहायचं हे तेव्हा अगदी नवं होतं. पत्राचा गाभा साधा आहे. निकालात ठाणं कुठे आहे? रात्र कुठे आहे? एका बाजूला वर्दी आणि दुसर्‍या बाजूला गरीब, अशिक्षित, 14-16 वर्षांची पोर, हे अंतर कुठे आहे? ते सगळं काढून टाकलं की दोन समान माणसं उरतात आणि मग तिनं प्रतिकार का केला नाही हा प्रश्न सयुक्तिक वाटायला लागतो. उच्च न्यायालयानं ओळखलेला संमती आणि शरणागतीतला फरक तुम्ही कसा पुसून टाकला, असा त्यांचा जाब होता. आणि तिच्या आधीच्या संबंधांवरून या रात्रीचं अनुमान काढण्यालाही त्यांची हरकत होती.

पत्र हळूहळू हातोहात गेलं. 1980 च्या सुरुवातीला मुंबईत बायकांनी एकत्र येऊन बलात्कारविरोधी मंच काढला आणि 8 मार्च 1980 ला, महिला दिनी, मुंबई, दिल्ली, नागपूर अशा शहरांतून मोर्चे निघाले. खटला पुन्हा उघडा ही मागणी होती. तो उघडला गेला नाही. पण विधी आयोगानं त्याच वर्षी 84 वा अहवाल दिला, संसदेत विधेयक आलं, आणि 1983 साली फौजदारी कायदा बदलला. पोलीस ठाण्यात, तुरुंगात, सरकारी ताब्यात असलेल्या बाईवरचा बलात्कार हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा झाला, किमान शिक्षा 10 वर्षं. अशा प्रकरणात संबंध झाला हे सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं ती नव्हती असंच धरून चालायचं. खटला बंद दालनात चालवायचा. पीडितेची ओळख छापणं हा गुन्हा.

पुढचे बदल यायला बराच वेळ लागला. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष पाडण्याची पुरावा कायद्यातली सोय 2003 मध्ये गेली. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही, हे कायद्याच्या पुस्तकात शब्दशः आलं 2013 मध्ये, दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर. म्हणजे नागपूरनं 1976 ला जे सांगितलं ते पुस्तकात यायला 37 वर्षं लागली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यातही ते वाक्य आहे. आणि ती दोन बोटांची चाचणी? जो कोणी ती करेल तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये बजावलं. खंडपीठावर होते धनंजय चंद्रचूड. 1979 मध्ये ज्यांच्या पत्त्यावर ते खुलं पत्र गेलं होतं, त्यांचे चिरंजीव.

वाचायला हे छान वाटतं. पत्र, मोर्चे, कायदा, अगदी चढत्या पायर्‍या. पण कायदा मागच्या तारखेपासून लागू होत नाही. या पायर्‍यांवर लाखो बायका चढल्या, ती खालीच राहिली. ज्या कायद्यानं पीडितेचं नाव झाकलं, त्या कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात तिचं नाव उघडं आहे, कारण तिची केस कायद्याच्या आधीची. परीक्षेत तिच्यावर दहा मार्कांचा प्रश्न येतो. अधूनमधून पत्रकार तिला शोधत गेले, फोटो निघाले. ती कुठे असते हे शोधायला आज अवघड नाही. मी इथे लिहिणार नाही, आणि तुम्हीही कॉमेंटमध्ये लिहू नका ही विनंती.

1980 मध्येच बी. आर. चोप्रांचा 'इन्साफ का तराजू' आला. हॉलिवूडच्या 'लिपस्टिक'वरून घेतलेला. नायिका झीनत अमान, पेशानं मॉडेल. ती कोर्टात हरते आणि शेवटी स्वतः पिस्तूल उचलते. रस्त्यावर जो संताप होता तो वडशाच्या एका मजूर पोरीवरून पेटलेला होता, पण पडद्यावर येताना त्याला शहर, फ्लॅट आणि पिस्तूल लागलं. महिला संघटनांनी त्यातल्या बलात्काराच्या दृश्यांवर टीका केली ती वेगळीच. अमेरिकेत 1988 मध्ये 'द अक्यूज्ड' आला. तो मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डच्या 1983 च्या खर्‍या घटनेवर बेतलेला होता. त्यात जोडी फॉस्टरची नायिका दारू पिते, नाचते, आणि तरीही सिनेमा तिच्या बाजूनं उभा राहतो. तिला ऑस्कर मिळालं. पण तिथेही शेवटी खटला जिंकावा लागतोच. 'जय भीम'नंही जिंकलेलीच गोष्ट निवडली. दोष देत नाही. जिंकलेल्या गोष्टीही सांगायलाच हव्यात, नाहीतर कोर्टाची पायरी कोण चढणार? पण आपण डोळे पुसतो ते सुटकेचे असतात. हरलेल्या खटल्यात प्रेक्षक कोणाच्या बाजूला बसला होता, हा प्रश्न तसा सिनेमा आपल्याला विचारत नाही.

तो प्रश्न मला त्या रात्री मामीनं विचारला. म्हणजे स्वतःलाच विचारला.

पोरं झोपली. आम्ही अंगणात बसलो होतो. मी मघाचं सगळं सांगून संपवलं होतं, जरा जोरातच, वकिली थाटात. मामी म्हणाली, "बाबू, तवा आमी पन तेच म्हनलो होतो. तुझे मामा, मी, शेजारच्या बाया. पोरगी तशीच असन. नाहीतर ओरडली का नाही?"

मी गप्प. दिल्लीच्या तीन न्यायमूर्तींवर मी इतका वेळ तोंडसुख घेत होतो. त्यांचंच निकालपत्र आमच्या या अंगणात, इंग्रजीचा एक शब्द न वाचता, आधीच लिहून झालेलं होतं.

मग ती थोड्या वेळानं म्हणाली, "एकदा आमच्याकडं चोरी झाली होती. रिपोर्ट द्याले मी चौकीत गेली, मामा शाळेत होते तुझे. त्यानं मनलं बसा, तर बसली. सकाळपासून दुपारपर्यंत. कोनी काई बोललं नाही, कोनी हात लावला नाही. पन तहान लागली होती, अन् समोर माठ होता. मी पानी मागलं नाही. मास्तरची बायको मी. माह्या तोंडातून आवाजच निंगला नाही."

ती उठली, डबे झाकले, आणि आत जाता जाता म्हणाली, "अन् ते पोर ओरडन मनते."

खुल्या पत्राची चार पानं मी दोनतीनदा वाचली आहेत. त्यातला मुद्दा मला त्या माठापाशी नीट कळला.

सकाळी आमच्या लॉवाल्या मुलीनं मला विचारलं, वडशाला जाऊन ते ठाणं बघून यायचं का. मी म्हटलं, बघून काय करणार? आधी नागपूरचा निकाल मिळवून वाच, सर्वोच्च न्यायालयाचा नंतर वाच, आणि वाचताना मामीला शेजारी बसव. तिनं दोन्ही मोबाइलवर शोधले आणि दुपारी स्वयंपाकघरात बसून मामीला मराठीत सांगायला लागली. तिसर्‍या कोर्टापर्यंत आल्यावर मामीनं पोळी लाटायचं थांबवलं. मामा दारात उभे राहून ऐकत होते. यावेळी ते उठून गेले नाहीत.